खुर्चीला मिळालेलं पदक

आमगावपासून दोन कोसांवरच्या त्या गावात केवळरामसारखा दंडारीच्या लोकनाट्यातला सोंगाड्या दुसरा नव्हता. तो नुसती भुवई उडवायचा आणि बाया तोंडाला पदर लावायच्या. बर्माच्या लढाईत खेचरांच्या पलटणीत राहून आला तरी गडी बदलला नाही, असं गाव म्हणे. गावाला काय, दिसतं तेवढं पुरे.

त्याच्याबरोबर गेलेला अनुसयाबाईचा नंदलाल मात्र परतला नाही. केवळरामनं तिच्या ओसरीत बसून सांगितलं होतं, "मावशी, छातीवर गोळी झेलली त्यानं. पाठ नाही दाखवली." तेव्हापासून दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडारीचा नारळ अनुसयाबाईच्या हातून फुटू लागला. खरं तर साहेबाचा आंघोळीचा टब पुराच्या नदीपार न्यायचा हुकूम होता. टब पोचला, नंदलाल वाहून गेला. हे केवळरामच्या पोटातच राहिलं.

त्रेपन्न साली सेवकराम मास्तरांनी त्याला नागपूरच्या एका नामांकित लेखकाचं नाटक वाचायला दिलं. त्यात सेनापतीची आरामखुर्ची नदीपार नेताना चार शिपाई बुडतात, खुर्ची कोरडी पोचते आणि पदक खुर्चीला मिळतं. केवळराम वाचताना खूप हसला, मग त्याला रडू आवरेना. आपल्याला नऊ वर्षं कुणाला सांगता आलं नाही, ते न पाहता या माणसाला कसं कळलं? हट्टानं त्यानं तेच नाटक दंडारीत बसवलं. अनुसयाबाई पुढेच बसणार, हे त्याला ठाऊक होतं. पण यात नंदलालचं नाव नाही, टब नाही, तिला काय कळणार, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

भर दुपारी मंडई भरली. शिपाई बुडत गेले तसे लोक पोट धरून हसले. खुर्चीला पदक अडकवलं आणि गावचे उमराव पटेल उठून उभे राहिले.

"काऊन रे, शिपायाच्या मरणावर हसवून राहिला? जिनं पोरगा देला तिच्यासमोर?"

आतापर्यंत हसणारेच "बंद करा" म्हणून ओरडू लागले. लेखक हसला होता सेनापतीला. गावाला ते हसू नंदलालच्या अंगावर पडलेलं दिसलं. शिवाय हसलो आपणच, ही लाज कुणावर तरी ढकलायला हवी होती. नागपुरात बसलेला लेखक त्यासाठी बरा सापडला.

अनुसयाबाई जागची हलली नाही. "केवळ, तू तं होता ना त्याच्यासंगं. असं होते काय रे लढाईत?"

केवळरामच्या ओठांवर रंगवलेल्या मिशा होत्या, डोक्यावर खुर्ची. हो म्हणावं तर हिचा मुलगा पुन्हा एकदा मरणार होता. नाही म्हणावं तर खरं लिहिणारा एकटा माणूस खोटा ठरणार होता.

"नाही, मावशी. सारं खोटं आहे. लिहिणाऱ्यानं लढाई पाहिलीच नाही."

पटेलांनी पुस्तक मागितलं, त्यानं निमूट दिलं. चहाच्या भट्टीत ते जळेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

पुढच्या साली पटेलांनी नंदलालच्या शौर्याची दंडार बसवून घेतली. नंदलालचं काम केवळरामकडेच आलं. साक्षीदार तोच ना! दरवर्षी तो छातीवर गोळी झेलून पडे आणि लोक टाळ्या वाजवत. त्याची ती भुवई पुन्हा कुणी उडालेली पाहिली नाही. खेळ संपला की अनुसयाबाई पडद्यामागे येई, त्याच्या छातीवरून हात फिरवी आणि दरवर्षी तेच विचारी, "त्याले लय दुखलं नसन ना रे?"

"नाही, मावशी," केवळराम म्हणे. "पाणीबी नाही मागितलं त्यानं."