काळं उपरणं आणि अप्पांचा डावा डोळा

मी इंग्रजीचा प्राध्यापक आहे आणि मला इंग्रजी कळत नाही.

म्हणजे वाचलेलं कळतं. फळ्यावर लिहिलेलं कळतं. पोरांच्या पेपरात तर जे लिहिलेलंच नसतं, तेही कळतं! पण एखादा गोरा माणूस तोंडातल्या तोंडात बोलायला लागला की माझं आठवडी बाजारात चुकलेलं कोकरू होतं. ही गोष्ट अख्ख्या बसवकल्याणात फक्त मला आणि माझ्या बायकोला ठाऊक होती. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नव्हती. त्यांच्या लेखी त्यांचा संज्या म्हणजे इंग्रजीतला वाघ. आणि वाघानं डरकाळी फोडून दाखवावी असा प्रसंग आमच्या गावात सहसा येत नाही, त्यामुळं माझं बरं चाललं होतं.

पण आधी अप्पांच्या डोळ्यांचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. अप्पांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पार पिकला होता आणि उजव्यात पिकत आला होता. सकाळी फिरायला निघाले की विजेच्या खांबाला रामराम घालायचे. (खांब उत्तर देत नाही म्हणून आठवडाभर त्याच्यावर रुसलेही होते!) शेजारच्या म्हशीला ‘काय वहिनी, बरं हाय का’ म्हणून झालं होतं. इथपर्यंत आम्ही हसत होतो. मग एके दिवशी बसस्टँडसमोर ते थेट बसच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. ड्रायव्हरनं कन्नडमध्ये शिव्या दिल्या, अप्पांनी दखनी हिंदीत परत केल्या, माणसं जमली, चहा झाला, सगळं मिटलं. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, आणखी थांबाल तर डावा डोळा हातचा जाईल. अप्पा ऐकायला तयार नाहीत. कारणं तयार!

“आधी तूर निघू दे.”

“डोळा देवानं दिलाय, देव बघंल.”

आणि अगदीच कोंडीत पकडलं, तर आवाज उतरवून, “अक्काचा डोळा असाच गेला रं.”

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. फार पूर्वी कुठल्याशा शिबिरात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डोळा गेला. तिला हाताला धरून शिबिरात नेणारे अप्पाच होते. खरं कारण हे तिसरंच होतं आणि त्यावर माझ्याकडं औषध नव्हतं.

अशात आमची श्रावणी सुट्टीला घरी आली. माझी लेक कडगंचीला विद्यापीठात शिकते. आल्या आल्या तिनं जाहीर केलं, “बाबा, उपरणेवाल्याचा दुसरा भाग आलाय! गुलबर्ग्याला जायचं!” (आता कलबुर्गी म्हणायचं असतं, पण आमच्या घरात कुणी ऐकत नाही.)

उपरणेवाला म्हणजे एक परदेशी सुपरहीरो. त्याचं खरं नाव बरंच लांबलचक आहे. पहिला भाग अप्पांनी डोळे बरे असताना नातीबरोबर टीव्हीवर, कन्नडमध्ये पाहिला होता. त्याच्या खांद्यावरचं लांब पांढरं फडकं पाहून ‘उपरणेवाला’ हे नाव त्यांनीच ठेवलं. तुटक्या पुलावरून लटकलेली माणसं त्यानं एकेक करून उचलून घेतली, तेव्हा अप्पा म्हणाले होते, “पोरगं वळणाचं हाय.” अप्पांनी असं माझ्याबद्दल कधी म्हटलेलं मला आठवत नाही.

“मी बी येनार,” अप्पा म्हणाले.

“पण आज्जा, मी इंग्रजीचं तिकीट काढलंय. डबिंगमध्ये मजा न्हाई.”

“मग काय झालं? संज्या हाय की सांगायला!”

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. आमच्या सीमाभागात घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी आणि औरादकडं गेलं की तेलुगू. त्यामुळं पिक्चरला जोडीनं जायचं: एक बघणारा आणि एक सांगणारा. मी लहान असताना अप्पा मला तंबूतल्या थेटरात तेलुगू पिक्चर दाखवायचे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत कानात मराठीतून सांगायचे. त्या पिक्चरांतले हीरो फार गुणी असत. कंदिलाखाली पाढे पाठ करत, ताटातली भाकरी टाकत नसत आणि विहिरीकडं एकटे कधी म्हणून जात नसत. आता सांगणाऱ्याची पाळी माझी होती. बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. ती घरीच थांबली. (“मला न्हाई बघवनार,” म्हणाली. पिक्चर की मी, ते सांगितलं नाही.)

पिक्चर सुरू झाला आणि पडद्यावर अंधार पडला.

“संज्या, लाईट गेली का?” अप्पांनी शेतात हाक मारावी तसं विचारलं.

“हळू, अप्पा! पिक्चरच असा हाय.”

श्रावणी कानात पुटपुटली, यावेळी हीरो ‘डार्क’ झालाय. झाला होता खरा! मागच्या खेपेला माणसं झेलणारा पोरगा आता दिसेल त्याला बडवत होता. पांढरं उपरणं काळंकुट्ट झालं होतं. आणि बोलत तरी कसा होता! घसा बसलेल्या माणसानं गोधडीत तोंड घालून बोलावं तसा. पहिल्या पंधरा मिनिटांत मला ‘नो’ आणि ‘नेव्हर’ एवढे दोन शब्द सापडले. त्या भांडवलावर मी कथा सांगायला बसलो होतो.

“काय म्हनायलाय?”

“न्हाई म्हनायलाय.”

“कशाला न्हाई?”

“सगळ्यालाच न्हाई म्हनायलाय, अप्पा.”

“आन् उपरणं काळं कामून?”

आता आली का पंचाईत! तेवढ्यात पडद्यावर हीरोनं रागाच्या भरात रस्त्यावरच्या खांबाला बुक्की मारली. तो खांब मी पाहिला, मला आमच्या गल्लीतला खांब आठवला आणि कसं कुणास ठाऊक, माझ्या तोंडून निघून गेलं,

“अप्पा, त्येला मोतीबिंदू झालाय.”

अप्पा माझ्याकडं झुकले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, “कोंच्या डोळ्यात?”

“डाव्या.”

तिथून पुढं मला कुणी थांबवू शकलं नसतं. उपरणं धुतलंय का मळलंय हेच हीरोला कळेना. दिसेना म्हणून भलत्यालाच बडवायलाय. अंधार कामून, तर त्याला जसं दिसतं तसंच आपल्याला दाखवायलेत! अप्पांना सगळं पटत होतं, कारण त्यांना स्वतःला पडदा तसाच दिसत होता.

मग खलनायक यायला लागले. या भागात एक सोडून तीन होते. पहिला लोखंडी जबड्याचा.

“ह्यो कोन?”

“ह्यो म्हनायलाय, कामून घाई करायलास, आधी तूर निघू दे.”

“तिकडं बी तूर?”

“तूर कुठं नसती, अप्पा!”

दुसरी पांढऱ्या केसांची बाई होती, हात वर करून काहीतरी गर्जत होती. ती म्हणायलीय देव बघंल, असं मी सांगितलं. अप्पांनी मान हलवली. बाई त्यांना आवडली होती.

तिसरा धुरातून आला. त्याचं तोंड दिसत नव्हतं, नुसता आवाज. तो सावकाश बोलत होता आणि हीरो मान खाली घालून ऐकत होता.

“आन् ह्यो?”

“ह्यो... ह्यो भीती घालायलाय. तुझ्या बहिणीचा डोळा गेला, तुझा बी जाईल म्हनायलाय.”

अप्पा पडद्याकडं बघत राहिले. “खोटं कुठं बोलायलाय रं,” ते म्हणाले. “गेलाच की तिचा. ह्येनंच नेली आसंल तिला.”

आता पडद्यावर काय चाललंय याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. मी म्हणालो, “त्येनं भल्यासाठी नेली व्हती, अप्पा. तवा मशीन नव्हती, काय नव्हतं. त्येचा काय दोष? बहिणीनं तरी कधी बोल लावला का त्येला?”

“न्हाई लावला,” अप्पा म्हणाले. आणि मग पुन्हा, “कधीच न्हाई लावला.”

इथं पिक्चर संपला असता तर फार बरं झालं असतं. पण तेवढ्यात पांढरा कोट घातलेला एक चष्मेवाला आला. मी अत्यानंदानं जाहीर केलं, “आला! डोळ्याचा डॉक्टर आला!” आणि हीरोनं त्याला गचांडी धरून उचललं, उंच इमारतीच्या गच्चीवर नेलं आणि दिलं खाली फेकून!

“अगं बाई! डॉक्टरलाच टाकलं की!” मागच्या रांगेतून एक बाई ओरडल्या. त्या उमरग्याच्या निघाल्या आणि मगापासून त्यांची अख्खी रांग माझ्याच भरवशावर पिक्चर बघत होती!

“टाकलं न्हाई हो, ते... खाली ऑपरेशन थेटर हाय, लवकर पोचावं म्हनून...”

“मग टाके घालतेत का?”

“आता टाके नसतेत, बाई. घरी जाऊन दुसऱ्या दिवशी भाकरी थापता येती!”

पुढच्या रांगेतला एक पोरगा वळला. माझाच विद्यार्थी! “सर, तसं न्हाई ते, तो चष्मेवाला खरा...”

“तू गप बस! तुझे इंटर्नलचे मार्क माझ्याकडं हायत!”

कुणीतरी तक्रार केली. बॅटरीवाला आला आणि त्यानं नेमका उजेड अप्पांच्या तोंडावर मारला. अप्पांना वाटलं, थेटरातच सोय केलीय. त्यांनी दोन बोटांनी डावा डोळा ताणून त्याच्यापुढं धरला. “बघा. लई पिकलाय का?”

श्रावणी इतका वेळ कपाळाला हात लावून बसली होती. “बाबा, काय सांगायलाव तुम्ही!” असं तिनं मला चिमटा काढून विचारलं होतं. पण अप्पांचा तो ताणलेला डोळा पाहिला आणि पोरगी विरघळली. शेवटाला पडद्यावर कडाडून वीज पडली, पहिल्यांदाच सगळं लख्ख झालं, तशी तीच ओरडली, “आज्जा, पट्टी काढली बघा! दिसायलंय त्येला!”

अप्पांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेनंही वाजवल्या. त्या पिक्चरचा शेवट इतका आनंदाचा जगात दुसरीकडं कुठंही झाला नसेल.

परत येताना हुमनाबादला चहाला थांबलो, तेव्हा कप हातात धरून त्यांनी विचारलं,

“ऑपरेशनला त्येच्यासंगं कोन गेलतं?”

“त्येचा पोरगा,” मी म्हणालो.

“पोरगा हाय व्हय त्येला? काय करतोय?”

“मास्तरकी करतोय.”

अप्पांनी चहा संपवला. “मग सांग त्येला,” म्हणाले, “तूर निघायच्या आधीच जाऊन येऊ म्हनावं.”

मी कपात तोंड घालून बसलो, कारण मलाही डोळे पुसायला उपरणं लागायची वेळ आली होती.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. अप्पांनी खोली पाहिली, खिडकी पाहिली, मग मला नीट न्याहाळलं आणि पहिलं वाक्य बोलले, “संज्या, लई म्हातारा झालास की रं!” तरी मला त्या दिवशी नवस फेडल्यासारखं वाटलं.

गोष्ट इथंच थांबायला पाहिजे होती. पण पुढं एका रविवारी मी बाजारातून आलो तर अप्पा टीव्हीसमोर ज्वारीच्या लाह्या घेऊन बसलेले. पडद्यावर काळं उपरणं. आणि भाषा कन्नड! अप्पांचं कन्नड माझ्या मराठीपेक्षा चांगलं आहे.

“अप्पा, बातम्या लावू का?”

“बस खाली.”

बसलो. अख्ख्या पिक्चरमध्ये मोतीबिंदू औषधालाही नव्हता. जबडेवाला शहर जाळायला निघालेला. पांढऱ्या केसांच्या बाईला देवाचं नावही ऐकवत नव्हतं. आणि तो चष्मेवाला? तो हीरोचा गुरू होता. हीरोच्या भल्यासाठी म्हणून तो त्याच्याशी खोटं बोलला, हे हीरोला कळलं आणि म्हणून त्यानं त्याला गच्चीवरून फेकलं होतं.

अप्पा नव्या डोळ्यानं माझ्याकडं बघायला लागले. आमच्या घराला गच्ची आहे.

“भल्यासाठी खोटं बोलला म्हनून टाकलं व्हय त्येला?”

“व्हय, अप्पा.”

अप्पांनी दोन लाह्या तोंडात टाकल्या. “तुला तंबूत तेलुगू पिक्चर सांगायचो, ध्यानात हाय?”

“हाय की! सगळे हीरो पाढे पाठ करायचे.”

“मला तेलुगू कुठं येतंय?”

पन्नाशी आली, अजून मी विहिरीकडं एकटा जात नाही!

बायको दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. मी जरा अवसान आणून म्हणालो, “अप्पा, उजव्या डोळ्याचं कसं करायचं? डॉक्टर विचारायलेत.”

“श्रावणी म्हनायलीय, तिसरा भाग यायलाय. तो बघू, मग ठरवू.”

“बरं. कन्नडचं तिकीट काढतो.”

“न्हाई, न्हाई. कन्नडमधला काय खरा न्हाई.” त्यांनी टीव्ही बंद केला. “इंग्रजीचंच काढ. आन् बाजूला तू बस.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझं इंग्रजी कुणीतरी आपणहून मागून घेतलं, ते हे पहिलंच.