तिकीट बदलायला मी गेले

सुनेला दिवस गेले तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती आणि माझा नातू दहावीला. घरात कोणी मूल मागितलं नव्हतं. मोरीत उलट्या करताना पाहिली म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "आई, कोणाला बोलू नका." यात मला नवल वाटलं नाही. आम्ही खानदेशी माणसं तीन महिने भरेपर्यंत पोटाची गोष्ट बाहेर काढत नाही. नजर लागते म्हणतात. मीही माझ्या पाचही वेळा गप्प राहिले होते.

अडचण तिकिटांची होती. चार महिन्यांनी बंगळूरला तिच्या धाकट्या भावाचं लग्न होतं आणि ती एकुलती बहीण. विमानाची चार तिकिटं आधीच काढलेली, स्वस्तातली, रद्द केली तर पैसे परत न मिळणारी. तोवर हिला सहावा लागणार, त्यात बीपी. मी मुलाला म्हटलं, तिचं तिकीट बदल. तो म्हणाला, "तिकीट आहे तसंच राहू दे म्हणतेय ती." सुनेला विचारलं तर तीही तेवढंच बोलली. मला वाटलं, माहेरच्या लग्नाचं वेड.

मी जन्मभर घरी बसून मिलच्या साड्यांचे लोंबते धागे कापून संसाराला हातभार लावला. पैसा वाया गेलेला मला बघवत नाही.

तिकीटवाला आमच्या वस्तीत, लिंबायतमध्ये, गल्लीच्या तोंडाशीच बसतो. झेरॉक्सही काढतो. आमच्याच तालुक्याचा आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "मावशी, डॉक्टरचा कागद आणा. कंपनी कधी कधी तारीख बदलून देते."

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर मी तिच्या कपाटातून दवाखान्याचा कागद काढला. इंग्रजीत होता. मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेले, तिथे इंग्रजी नव्हतं. शिक्का आहे, सही आहे, एवढं पाहिलं आणि घेऊन गेले.

दुकानात गल्लीतल्या दोघी आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आल्या होत्या. त्याने कागद वाचला, पुन्हा वाचला. आवाज खाली करायचं काही त्याला सुचलं नाही.

"मावशी, हा चालायचा नाही. यात तर सोमवारी पिशवी साफ करायला बोलावलंय."

"कसली साफ?"

"मूल ठेवायचं नसेल त्यांना."

मागून एक बाई म्हणाली, "घ्या. सासू तिकीट बदलायला आली, आणि सुनेने तर लग्नाला जायची तयारीच केलीय."

मी कागद घेऊन घरी आले. सून आल्यावर तिच्या हातात दिला आणि काय झालं ते सगळं सांगितलं. लपवून उपयोग नव्हता.

तिने कागदाची घडी केली. म्हणाली, "बोलू नका म्हटलं ते नजरेसाठी नव्हतं, आई. माझं ठरत नव्हतं. सोमवारपर्यंत वेळ होता. आता ठेवलं तर म्हणतील, सासूने पकडलं म्हणून ठेवलं. नाही ठेवलं तर काय म्हणतील, ते तुम्ही ऐकूनच आलात."

मला मूल हवं होतं, हे मी नाकारत नाही. पण त्या दिवशी ते बोलायला मला तोंड नव्हतं. दोन दिवसांत गावाहून जावेचा फोन आला, "काय ऐकते मी?" मी फोन ठेवून दिला.

सोमवारी मी येते म्हटलं. सून म्हणाली, "नका येऊ." मुलाबरोबर गेली आणि मोकळी होऊन दुपारी परत आली. भिंतीकडे तोंड करून निजली. मग बायका यायला लागल्या. कोणाला कात्री हवी होती, कोणाला विरजण. मी उंबऱ्यात बसले आणि एकेकीला तिथूनच परत पाठवलं. एकीने मान आत घालून विचारलं, "झालं का गं सगळं?"

"तुला विरजण हवंय ना? घे आणि चालू लाग."

तीन महिने मला हेच करायला हवं होतं, उंबऱ्यात बसून घरातली गोष्ट घरात ठेवायची. मी एक दिवस केलं, तेही सगळ्यांना कळून चुकल्यावर.

लग्नाला ते तिघे गेले. मला सुनेने येऊ नका म्हटलं नव्हतं, चला असंही म्हटलं नव्हतं. मी घरीच राहिले. ते निघायच्या आधी तिकीटवाल्याने विचारलं होतं, "मावशी, तुमच्या तिकिटाचं बघू का? डॉक्टरचा कागद आहे?"

माझ्याकडे कसला कागद असणार.