काचेच्या पेटीतला बांध

माझं माहेर अकोले तालुक्यातलं. आमच्याकडं मासा म्हणजे तव्यावर, नाहीतर कालवणात. त्यामुळं लग्न होऊन श्रीरामपूरजवळच्या या गावात आले आणि घरात पुण्याहून मासे येणार असं ऐकलं, तेव्हा वाटलं, वा, सासर बरं मिळालं. तर ते मासे खायचे नव्हते, बघायचे होते. मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, ब्लडप्रेशर वाढलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं की सकाळ-संध्याकाळ पोहणारे मासे बघत बसा, डोकं थंड राहील. डॉक्टरांनी त्यांची नाडी पाहिली होती, डोकं पाहिलं नव्हतं.

डोकं तापायचं कारण शेजारच्याच घरात राहत होतं. मामंजींचे सख्खे धाकटे भाऊ. दोघांचा ऊस शेजारीशेजारी, मध्ये बांध, आणि त्या बांधावर मोजणीदारानं फुली मारून पुरलेला हद्दीचा दगड. तो दगड एके दिवशी गायब झाला. मामंजी म्हणायचे, धाकट्यानं उपटला आणि माझं हातभर रान खाल्लं. धाकटे मामंजी म्हणायचे, दादानं उपटला. मी या घरात आले तोवर दोघांचं बोलणं कधीच बंद पडलं होतं. अंगण एकच, पण एक बाहेर आला की दुसरा आत जायचा.

आमच्या ह्यांनी पुण्याहून काचेची पेटी आणली. त्यात मासे दोन एंजल, चार-पाच काळ्या मोल्या आणि एक निळसर गोरामी. वाळू पाटातली. मधे ठेवायला वरवंट्यापेक्षा थोडा मोठा असा एक दगड मामंजींनी स्वतः गोठ्यातून आणला आणि स्वतः धुतला. ज्या माणसानं जन्मात आपलं जेवलेलं ताट उचललं नाही, त्यानं दगड धुतला! आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या की माशांचा गुण आला म्हणायचा.

गुण कसला डोंबलाचा. गोरामीनं आल्या आल्या तो दगड धरला. त्याच्या वीतभर अंतरात कुणी फिरकलं की हा अंगावर गेलाच. एंजलच्या पंखांच्या चिंध्या झाल्या, मोल्या बिचाऱ्या पंपाच्या नळीमागं जीव मुठीत धरून बसायच्या. मामंजींनी त्याचं नाव ठेवलं धाकटा. खुर्ची पुढं ओढून बसायचे आणि शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, बघा, बघा, धाकटा कसा दुसऱ्याच्या रानात घुसतोय. दगड धरून बसायचं, कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही आणि दिवसभर फुगून हिंडायचं, हा स्वभाव कुणाचा ते आंधळ्यालाही दिसलं असतं. मी नवी सून, मी काय बोलणार? आत्याबाई बोलायच्या. पुढच्या वेळी डॉक्टरांनी पट्टा बांधून पाहिलं तर ब्लडप्रेशर आणखी चढलेलं.

मग उपाय सुरू झाले. धाकट्याला उपाशी ठेवलं, तर तो जास्तच पिसाळला. पोटभर घातलं, तर पाण्याला वास सुटला. आत्याबाईंची लोणच्याची काचेची बरणी घेऊन त्याला त्यात कोंडून पाण्यात ठेवला, तेव्हा बाकीचे मासे सासुरवास संपल्यासारखे हिंडले. पण बरणीतून काढला की घटकाभरात पुन्हा दगडापाशी हजर. आत्याबाई बरणीसाठी हळहळल्या, कारण माशाच्या बरणीत लोणचं घालायला त्या मरेपर्यंत तयार नव्हत्या.

शेवटी मला एक सुचलं. एकदा आत्याबाई बहिणीकडं गेल्या होत्या तेव्हा मी स्वयंपाकघरातले सगळे डबे हलवले होते. त्या परत आल्या आणि दोन दिवस मीठ कुठं, हळद कुठं यातच गेले. या स्वयंपाकघराची मालकीण कोण यावर भांडायला त्यांना सवडच झाली नाही. म्हटलं, माशालाही हेच करावं. पेटीतलं सगळं उलटंपालटं करावं, म्हणजे आपलं रान कुठलं तेच त्याला कळणार नाही. मामंजींना विचारलं तर म्हणाले, वाळू हलव, झाडं हलव, काय पायजे ते कर.

"पन दगडाला हात लावायचा न्हाई," म्हणाले.

दगड तिथंच म्हटल्यावर धाकटाही तिथंच राहिला.

त्यातच शेजारच्या घरातल्या पोरीचं, माझ्या चुलत नणंदेचं, लग्न ठरलं. एका दुपारी ती गोवऱ्या मागायच्या निमित्तानं मागच्या दारानं आली आणि चुलीपाशी बसून रडायलाच लागली. लहानपणी मामंजींच्या खांद्यावर बसून पोळा बघणारी पोर ती. म्हणाली, "वहिनी, मोठे बाबा मांडवात नसले तर मी बोहल्यावर चढायची न्हाई." घरात सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. मला तसं वाटलं नाही. हट्ट त्या घराण्याच्या रक्तात होता, आणि या पोरीचं जमलेलं लग्न मोडलं तर दुसरं जमवताना बापाच्या चपला झिजल्या असत्या.

रीतीप्रमाणं पहिली अक्षत थोरल्या घराला. धाकटे मामंजी संध्याकाळी अक्षत घेऊन येणार असा निरोप आला. मामंजींनी जाहीर केलं की मी माशांकडं तोंड करून बसणार, आणि दगड उपटला असं तो कबूल करत नाही तोवर मांडवात पाय ठेवणार नाही. एवढं बोलून साखर कारखान्यावर निघून गेले.

त्याच सकाळी एक एंजल मेला होता. माझं डोकं फिरलं. मेल्या, एका दगडासाठी किती जणांचा जीव घेशील, म्हणत मी बाह्या सारल्या, मासे बादलीत काढले आणि दगड उचलून मोरीत आणला. घासायला उलटा केला तर खाली छिन्नीनं मारलेली फुली.

 आत्याबाईंना हाक मारली. त्यांनी पाहिलं, बोटानं फुली चाचपली, आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडताहेत, तर हसत होत्या, अंग गदगदा हलत होतं. मग मात्र खरंच रडल्या. या धोंड्यापायी त्या सख्ख्या जावेशी बोलल्या नव्हत्या, तिच्या बाळंतपणालाही गेल्या नव्हत्या. डोळे पुसून उठल्या.

"ठेव पुन्यांदा," म्हणाल्या. "फुली म्होरं कर."

संध्याकाळी मामंजी ठरल्याप्रमाणं पेटीकडं तोंड करून बसले. चष्मा कोनाड्यात होता, तो कुणी नेऊन दिला नाही. धाकटे मामंजी आले, पाटावर अक्षत ठेवली, आणि भावाच्या पाठीवरून माशांकडं बघत राहिले. बघता बघता त्यांची मान पुढं आली. मी दाराआडून पाहत होते. आता घरात रक्त सांडतंय असं वाटलं.

दगडाची बाजू फिरल्यामुळं पेटीतला धाकटा इकडून तिकडं भांबावून हिंडत होता. उरलेला एंजल त्याच्या नाकासमोरून गेला तरी त्यानं काही केलं नाही.

"दादा," धाकटे मामंजी हळूच म्हणाले, "तुमचा धाकटा आज भांडंना की."

मामंजींनी डोळे बारीक करून काचेला नाक लावलं. फुली दिसली असणार, कारण त्यांचे कान लाल झाले. 

"ऱ्हाऊ द्या दगड," धाकटे म्हणाले. "पोरीच्या मांडवाला तेवढं या."

मामंजी वळले नाहीत. काचेकडं बघतच मला म्हणाले, "सूनबाई, च्या टाक. त्याच्या कपात साखर जादा घाल, त्याला गोड लागतो."

 मी साखर इतकी घातली की चमचा उभा राहिला असता.

लग्नात मामंजी सगळ्यांच्या आधी मांडवात होते, आणि आचाऱ्यापासून भटजीपर्यंत सगळ्यांवर ओरडत होते. पुढं दुष्काळ पडला, पाट आटला. माणसांना पाणी मिळेना तिथं माशांना कुठलं? धाकट्या मामंजींच्या विहिरीत तळाला थोडं होतं, त्यात मासे सोडले. पेटीत आत्याबाईंनी शेंगा भरल्या. उरला दगड. दोघं भाऊ म्हणाले, आता तो जागच्या जागी पुरून येऊ, आणि सायकलवर टाकून निघाले.

दिवेलागणीला परत आले ते लांबूनच ऐकू आले. जागा कोणती यावर दिवसभर भांडले होते आणि अजून भांडतच होते. मामंजी सायकल हाणत होते, धाकटे मागं कॅरियरवर बसले होते, आणि दगड त्यांच्या मांडीवर होता.