हिरव्या तारांची जोडी

केबलताईंचं खरं नाव गल्लीत कुणालाच आठवत नाही. सव्वीस वर्षं त्या कॉम्प्युटरच्या केबल टाकतात आणि तपासतात. आपलं काम दुसऱ्याने येऊन निस्तरलं, असं एकदाही झालेलं नाही, याचा त्यांना कोण अभिमान!

आणि परवा, ताईंनीच केबल टाकलेल्या नव्या दवाखान्यातून फोन आला. बारापैकी सात कॉम्प्युटर रखडत होते. एक्स-रे उघडेपर्यंत पेशंट पेंगायला लागे.

"दुपारपर्यंत बघा ताई," व्यवस्थापक म्हणाले, "नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं लागेल मला."

ताई निघाल्या. बॅग धरायला काका, म्हणजे त्यांचे यजमान. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात काकांची हयात गेली. निवृत्त झाल्यापासून ते घर तपासतात.

ताईंनी केबलला छोटा टेस्टर लावला. आठ तारांचे आठ दिवे ओळीने लागले. सातही केबलींचं तेच. छताच्या फळ्या सरकवून पाहिलं; केबल कुठे मुरडलेली नाही, चिमटलेली नाही. साडेअकरा झाले. ताईंनी पहिल्या केबलीला पुन्हा टेस्टर लावला.

"दिवे लागतायत ना? मग झालं तर!" काका म्हणाले.

"अहो, तार पोचली एवढंच दिवा सांगतो. कुणाबरोबर पोचली, ते कुठे सांगतो?"

बोलता बोलता ताई थबकल्या. चष्मा चढवून त्यांनी केबलीचं पारदर्शक टोक उजेडात धरलं.

"ही टोकं कुणी बसवली?"

"मी. शेवटच्या सात केबलींच्या वेळी तुझा अंगठा दुखत होता ना."

"मी रंगांचा क्रम लिहून दिला होता!"

"त्यात चूक होती. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी घुसली होती. मी दोन्ही हिरव्या शेजारी आणल्या."

"अहो, ती तशीच बसते! तिसऱ्या आणि सहाव्या जागेच्या तारा मिळून काम करतात, म्हणून त्या एकमेकींना पीळ घातलेल्याच लागतात. तुम्ही तिसऱ्या जागी हिरवी दिलीत आणि सहाव्या जागी निळी. आता एका जोडीचं बोलणं दुसऱ्या जोडीला ऐकू जातंय, म्हणून सगळं रखडतंय. जगभर असाच क्रम असतो!"

"मग जगाने एकदा मला दाखवायचा होता."

बाजूची नर्स खुदकन हसली. ताईंनाही हसू आवरेना. हसतच त्यांनी चौदा टोकं कापली. काका सोलून देत होते, मुकाट्याने, दिलेल्या क्रमाने.

एक वाजता एक्स-रे टिचकीसरशी उघडला.

"काय झालं होतं?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"घरचीच भानगड," ताई म्हणाल्या. "घरच्यांनीच निस्तरली."

संध्याकाळी बॅगेच्या झाकणाला आतून एक नवा कागद चिकटला होता. वळणदार अक्षरात आठ रंग, आणि खाली लाल शाईने: 'अंतिम प्रत. सुधारणा करू नये.'