जन्मजात म्हणून मोकळा झालो

मी डॉक्टरांशी खोटं बोललो होतो.

आज मनीषाला जाऊन वर्ष झालं. माझी धाकटी बहीण. पोलीस भरतीची तयारी करायला पेठहून नाशिकला माझ्याकडे राहायला आली होती.

मी तिथेच अंबड एमआयडीसीत कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी तिचा कोच. स्वतः जिना चढला की धापा टाकणारा कोच!

पळताना दोनदा चक्कर येऊन खाली बसली.

"दादा, छातीत आवळल्यासारखं होतंय."

"गुरुवारचे उपवास बंद कर. अंडी खा."

आणि खरंच, उकडलेली अंडी सोलून डब्यात घेऊन मी ग्राउंडवर उभा राहायचो. केवढं ते प्रेम! दवाखाना मात्र सुचला नाही.

तिसऱ्यांदा पडली ती उठलीच नाही.

पोस्टमॉर्टेमनंतर डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदयाला रक्त पुरवणारी एक धमनी जन्मापासूनच चुकीच्या जागेवरून निघालेली. दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून जाणारी. जोरात पळालं की दाबली जाणारी. फार क्वचित असतं म्हणे असं.

मग त्यांनी विचारलं, "आधी कधी पळताना चक्कर? छातीत दुखणं?"

मी म्हणालो, "नाही सर."

गावी आईला एकच शब्द सांगितला. जन्मजात.
वाटलं, सुटलो. आता मला कुणी काही विचारणार नाही.

आई म्हणाली, "म्हंजे माझ्याच पोटात कायतरी कमी राह्यलं. ती पोटात असताना मी निफाडला द्राक्षाच्या बागेत फवारणीला जायची ना. औषधाचा लय वास यायचा."

डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, आईने काही केलं म्हणून असं होत नाही. ते वाक्य मला पाठ आहे. पण आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न माझ्याकडे आला असता.

वर्षभर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय, "माझंच चुकलं." आणि मी शेजारी बसून चहा पितो. लाज वाटते हो. स्वतःची किळस येते.

आज वर्षाच्या कार्याला सगळे गावी जमलेत. आईला वाचता येत नाही. पोस्ट टाकली की फोन घेऊन चुलीपाशी जाणार आहे, मीच वाचून दाखवणार आहे.

आई, तुझ्या पोटात काही कमी नव्हतं. ती थांबत होती. मी पळवली.

श्रद्धांजली लिहायला हात धजत नाही.

मनू, बस आता. दम खा.