बानूबाईचं गूळपाणी

कुणाचं फुकट घ्यायचं नाही, ही बानूबाईची जन्माची खोड. शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं, तर ती वाटी कधी रिकामी परत गेली नाही. घरात काहीच नसलं तर मिठाचे चार खडे तरी घालायची. बापजादे मेंढरांमागं रानोमाळ हिंडले. आता कुरकुंभच्या अलीकडं ऊस नि भाजीपाला पिकतो, पण खोड गेली नाही.

गेल्या साली तिच्या धन्याची, गेणबाची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. सारखं डायलिसिस, तेही पुण्याला. अर्धा जीव गाडीत जायचा नि उरलेला सुईवर. अशात धाकटी लेक प्रगती सांगत आली, "आये, दौंडच्या दवाखान्यात डायलिसिसचं मशीन आणायचंय. त्यासाठी लोक पैसं भरून पळणार हायेत. आपल्याच रस्त्यानं."

"पैसं भरायचं आन् वर पळायचं बी?"

"व्हय."

"कोण म्हणायचं हे?"

"पुण्याचे, कंपन्यांतले. आपल्या ओळखीचं कुणी न्हाई."

बानूबाई जरा वेळ चूल फुंकत बसली. अनोळखी माणसं तिच्या कुंकवापायी पळणार, आणि तिनं काय, बांधावरून गंमत बघायची?

"मग पाणी माझ्या दारात पिऊन जायचं," ती म्हणाली.

रविवारी तांबडं फुटायला तिनं रस्त्याकडेला घोंगडं अंथरलं, शेजारी गेणबाची बाज टाकली. पळणाऱ्याला गुळाचा खडा चावायला सवड कुठली, म्हणून गूळ हंड्यातच विरघळवला, वर लिंबू पिळलं. तांबे चिंचेनं घासून लख्ख केले.

पहिला गडी आला. "या पाव्हणं, बसा!" तो हात हलवून पुढं गेला. दुसराही गेला. मग घोळकाच्या घोळका आला, तोही थांबला नाही.

"ह्यांच्या मागं काय कुत्रं लागलंय?"

गेणबा बाजेवरून म्हणाला, "बसायचं असतं तर घरीच नसते का बसले?"

"तुमी गप ऱ्हावा. तुमच्यापायीच पळत्यात."

शेवटी एक उंच पोरगी थांबली. बानूबाईनं हरखून तांब्या पुढं केला. पोरीनं "थँक्यू आजी" म्हटलं नि अख्खा तांब्या डोक्यावर ओतला.

"अगं बया! गुळाचं हाय ते!"

पोरीनं ओठ चाटले, खदखदून हसली नि तशीच चिकट डोक्यानं पळाली. बानूबाईचं तोंड मात्र उतरलं. द्यायला गेली पाणी, आणि दिल्या माश्या.

रस्ता रिकामा झाला. सगळ्यांच्या मागून, कुणी पडलं तर उचलायला, दवाखान्याची गाडी रांगत आली, तिच्यापुढं एक जाडजूड माणूस धापा टाकत. हा रोहिदास, कंपनीतली रात्रपाळी करून तसाच आलेला. बसा म्हणायच्या आतच त्यानं घोंगड्यावर बूड टेकलं.

"मावशी, ही गाडी मागं हाय म्हणून चाललोय. न्हाईतर कवाच घरी पळालो असतो."

एक तांब्या संपला, दुसरा संपला. "काय झाक झालंय वो! आबा, तुम्ही बी घ्या की."

"मला डाक्टरनं मापातच प्यायला सांगितलंय बाबा," गेणबा म्हणाला. "सकाळचा पेला झाला माझा."

रोहिदासची नजर गेणबाच्या सुया टोचून फुगलेल्या हातावर गेली. आपण कुणासाठी पळतोय, हे त्याला तेव्हा दिसलं. मग त्यानं तांब्या पुन्हा पुढं केला.

"भरा मावशी. आबांच्या वाटणीचं मी पितो."

"पी," गेणबा म्हणाला, "पर दमानं पी. मला बघू दे."

रोहिदास दमानं प्यायला. एकेका घोटाला गेणबाच्या गळ्याची घाटीही खालीवर होत होती. गाडीचा ड्रायव्हर भोंगा वाजवून कंटाळला, नि खाली उतरून घोंगड्याच्या कडेला टेकला. बानूबाईनं त्याच्याही हातात तांब्या दिला. हंड्यात अजून पुष्कळ उरलं होतं, पण आता तिला त्याचं काही वाटेना.

रोहिदास गुडघ्यावर हात देऊन उठला. "अजून लय पळायचंय, मावशी."

"पळू नगंस लगीच. पाणी डुचमळंल पोटात. जरा चाल."

तो चालू लागला. गाडीही त्याच्यामागं चालीनंच निघाली.