पडवीतलं बोलणं

कारकुनानं मागच्या सभेचं प्रोसिडिंग वाचून संपवलं. माझं बोलणं त्यात नव्हतं.

मी पडवीत, खिडकीखाली बसलो होतो. लोकल बोर्डाचा सरकारनं नेमलेला सभासद. जातीनं महार. आत खुर्च्या. मला बाहेर गोणपाट.

मागच्या सभेत खाडीवरच्या होडीचा मक्ता निघाला, तेव्हा मी त्याच खिडकीतून बोललो होतो. आमच्या माणसांना होडीत घेत नाहीत. सगळे पलीकडे जाईपर्यंत धक्क्यावर ताटकळत ठेवतात. माझी सून भागी बाळंतपणात अडली. दवाखाना पलीकडे. होडी डोळ्यांदेखत भरून गेली, परत आली, पुन्हा भरून गेली. भागी धक्क्यावरच गेली. एवढंच सांगितलं होतं. जो पैसे देईल त्याला बसवायचं, अशी अट मक्त्यात घाला म्हणालो होतो.

मी उठून खिडकीशी गेलो. "रावसाहेब, माझं बोलनं लिवलं न्हाय."

अध्यक्ष बागायतदार. मान वर न करता म्हणाले, "सभा आत होती. तू पडवीत बोललास. पडवीतलं लिहायची पद्धत नाही."

कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. तेच जास्त लागलं.

मग हजेरीचा कागद खिडकीतून बाहेर आला. माझ्या पायाशी पडला. त्यावर मात्र माझी सही हवी होती. सही येत होती मला, पलटणीत शिकलो होतो. मी कागद उचलला नाही.

घरी मुलगा म्हणाला, "नको जाव आता तिथं, बाबा. ती काय परत येनार हाय?" त्याच्याशी भांडायचंही त्राण नव्हतं.

पुढच्या सभेला सरळ आत गेलो. रिकाम्या खुर्चीवर बसलो. होडीचं सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो. एकेक सभासद उठून गेला. अध्यक्षही गेले. कारकून तेवढा टाक धरून बसला होता.

"लिवा," मी म्हणालो.

"माझी नोकरी जाईल," तो हळूच म्हणाला.

नोंद झाली ती एवढीच, कोरम नसल्याने सभा तहकूब. ती खुर्ची मग गोमूत्र शिंपडून शुद्ध करून घेतली, असं शिपायानं सांगितलं. मक्ता जुन्याच माणसाला गेला.

मी थकलोय. पण पडवीत बसणार नाही. सभा भरेल तेव्हा आत जाईन, तेच बोलेन. त्यांनी उठून जायचं तर जावं. भागी धक्क्यावर का मेली, हे त्यांच्याच शाईनं लिहिलं जाईपर्यंत मी ती खुर्ची सोडत नाही.